भोसले, मुधोजी (दुसरे) ऊर्फ अप्पासाहेब

(१७९६–१५ जुलै १८४०). नागपूरकर भोसले घराण्यातील एक राजा व इंग्रजांविरुद्ध सातपुड्याच्या डोंगरांतून प्रतिकार करणारा पदच्युत सत्ताधीश. दुसऱ्या रघूजीचा धाकटा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू याचा तो मुलगा. प्रत्यक्ष राजपद त्याच्याकडे जेमतेम एक वर्ष होते. त्यानंतरची बावीस वर्षे त्याने कैदी, फरारी व आश्रित म्हणून काढली. तथापि राज्य गेल्यानंतर १८१८–१९ मध्ये गोंड जमीनदार, अरब शिपाई व पेंढारी यांच्या साहाय्याने त्याने जी झुंज दिली, तीमुळे तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाच्या अखेरच्या पर्वात त्याला विशेष स्थान प्राप्त झाले. पेशवा दुसरा बाजीराव शरण आल्यानंतरही हे युद्ध सु. दहा महिने चालू राहिले, त्याचे एक प्रमुख कारण अप्पासाहेब होय.

पार्श्वभूमी : नागपूरच्या राज्याचे बळ आणि त्याचे दुबळेपण ही दोन्ही सातपुड्याच्या रांगांशी निगडित होती. या रांगांच्या दक्षिण कडेवर, आजच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ गाविलगड आणि त्याच्या पश्चिमेस अकोला जिल्ह्यात नरनाळा हे दोन प्राचीन किल्ले वऱ्हाडच्या मैदानावर नजर ठेवून उभे आहेत. गाविलगडाच्या डोंगरांमागे मेळघाटचे अरण्य, त्यापलीकडे बैतूलचे पठार आणि ईशान्येस पचमढीचे महादेव डोंगर असा हा सलग दुर्गम प्रदेश आहे. येथील वस्ती मुख्यतः कोरकू व गोंड लोकांची. घाटांच्या वाटा स्थानिक जमीनदारांच्या ताब्यात असत. नागपूर दरबाराची सत्ता त्यांच्यावर नाममात्र चाले.

दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात भोसल्यांचे सैन्य व्यंकोजीच्या नेतृत्वाखाली २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे पराभूत झाले. त्यानंतर आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांनी गाविलगडास वेढा घातला. बेनीसिंग हा किल्लेदार लढता लढता पडला आणि १५ डिसेंबर रोजी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजीस कटक, बालेश्वर व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड यांवर पाणी सोडावे लागले. मात्र गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याचे आकोट, अडगाव इ. सु. चार लाख रुपये उत्पन्नाचे परगणे त्याच्याकडे राहिले. राज्याचा मोठा भाग गमावूनही रघूजीने इंग्रजांची तैनाती फौज अखेरपर्यंत स्वीकारली नाही. आपले राज्य निदान अंतर्गत कारभारात स्वतंत्र राहावे, हा त्याचा आग्रह होता. अप्पासाहेबाचे बालपण व तारुण्य या खचलेल्या परंतु अद्याप न नमलेल्या दरबारात गेले. १८११ मध्ये त्याच्या वडिलांचे काशी येथे निधन झाले.

सत्तेवर आगमन : दुसरा रघूजी २२ मार्च १८१६ रोजी मरण पावला. त्याचा मुलगा परसोजी ऊर्फ बाळासाहेब हा गादीवर आला. तो शरीराने पंगू व बुद्धीने दुर्बल असल्यामुळे त्याच्या नावे कारभार कोणी पाहावा, याविषयी दरबारात दोन पक्ष पडले. एका पक्षात रघूजीची राणी बाकाबाई व धर्माजी भोसले हे होते. दुसऱ्या पक्षात राजाचा सर्वांत जवळचा पुरुष नातलग म्हणून अप्पासाहेब होता. अप्पासाहेबाने धर्माजीस कैद करून कारभार आपल्या हाती घेतला. मात्र दरबारातील विरोधकांपुढे आपले आसन स्थिर राहील, याची त्याला खात्री वाटेना. म्हणून त्याने इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्याशी संधान बांधले आणि मे १८१६ च्या अखेरीस रात्रीच्या वेळी, दरबारास पत्ता लागू न देता, तैनाती फौजेच्या तहावर सही केली. या तहान्वये नागपूरच्या राज्यात इंग्रजी पलटणी आल्या. त्यांच्या खर्चासाठी दरसाल साडेसात लाख रुपये द्यावयाचे ठरले. शिवाय राजाने स्वतःची काही हजारांची फौज इंग्रजांच्या दिमतीस ठेवावी, असेही कलम होते. जे बंधन रघूजीने तेरा वर्षे टाळले, ते त्याच्या पुतण्याने दोन महिन्यांत मान्य केले. पुढे इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरणाऱ्या या राजाची राजकीय कारकीर्द इंग्रजांना घरात घेण्यापासून सुरू झाली, ही गोष्ट त्याच्या चरित्राचा विचार करताना विसरता येत नाही.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी आपल्या बिछान्यात मृतावस्थेत आढळला. अप्पासाहेब त्या वेळी चांदा (चंद्रपूर) येथे होता. हा मृत्यू नैसर्गिक नसून अप्पासाहेबाच्या हस्तकांनी घडवून आणला, अशी कुजबुज नागपुरात तत्काळ सुरू झाली. ती रेसिडेंटच्या कानांवरही गेली. तथापि इंग्रजांनी त्या वेळी चौकशी न करता अप्पासाहेबाचा वारसा मान्य केला आणि एप्रिल १८१७ मध्ये तो गादीवर बसला. खुनाचा आरोप इंग्रजांनी उघडपणे पुढे मांडला तो त्याच्याशी बिनसल्यानंतर, १८१८ मध्ये. अप्पासाहेबाचा त्या कृत्यात हात असणे संभवनीय आहे, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मात्र आरोप मांडण्याची वेळ राजकीय सोयीने ठरली, हेही तितकेच स्पष्ट आहे.

सीताबर्डीची लढाई : गादी मिळाल्यानंतर तैनाती फौजेचा भार व रेसिडेंटचा कारभारातील हस्तक्षेप अप्पासाहेबास जाचू लागला. पुण्यात याच सुमारास दुसरा बाजीराव इंग्रजांविरुद्ध गुप्तपणे जुळवाजुळव करीत होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशवे व इंग्रज यांच्यात युद्धास तोंड लागले. ही वार्ता नागपुरास पोहोचल्यानंतर २४ नोव्हेंबर रोजी अप्पासाहेबाने पेशव्याकडून आलेली खिलत व ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब भर दरबारात स्वीकारला. इंग्रजांशी लढत असलेल्या पेशव्याकडून किताब घेणे म्हणजे तैनाती तह झुगारणे होय, हे रेसिडेंटने ओळखले आणि सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर फौज चढविली.

२६ नोव्हेंबरच्या सायंकाळी लढाईस प्रारंभ झाला व दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती चालली. लेफ्टनंट कर्नल स्कॉट याच्या हाताखाली इंग्रजांचे सु. चौदाशे लोक होते. भोसल्यांचे सैन्य त्याच्या अनेक पट असून त्यांत तीन हजारांवर अरब होते. सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली, तेव्हा इंग्रजांची स्थिती बिकट झाली. तथापि कॅप्टन फिट्सजेरल्ड याच्या बंगाली घोडदळाने अनपेक्षितपणे मैदानात उतरून भोसल्यांच्या स्वारांवर हल्ला केला व काही तोफा घेतल्या. त्याच सुमारास लहान टेकडीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळाचा फायदा घेऊन इंग्रजी पायदळाने ती टेकडी परत मिळविली. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून साडेतीनशेवर लोक कामी आले. रेसिडेंटचा साहाय्यक जॉर्ज सदबी हा त्यांत होता. मोठे सैन्य जवळ असूनही भोसल्यांचा पराभव झाला, याचे कारण एकसूत्री सेनापतित्वाचा अभाव हे होय. स्वतः राजा लढाईत उतरला नाही. पराभवानंतर ‘आपल्या हुकुमाशिवाय लढाई झाली’ असा निरोप त्याने रेसिडेंटकडे पाठविला. त्याच्या धरसोडीचे हे ठळक उदाहरण होय.

जनरल डव्हटन हा वऱ्हाडातून मोठी फौज घेऊन १२ डिसेंबर रोजी नागपुरास पोहोचला. १६ डिसेंबरला अप्पासाहेब इंग्रजांच्या छावणीत हजर झाला. तोफा स्वाधीन करण्याच्या वेळी त्याच्या फौजेने पुन्हा गोळीबार सुरू केला व त्या दिवशीच्या लढाईत तिचा मोड झाला. राजा शरण गेल्यानंतरही अरबांनी नागपूर शहर सोडले नाही. जुम्मा दरवाजावरील इंग्रजांचा हल्ला त्यांनी २४ डिसेंबरला परतवून लावला. अखेर सुरक्षितपणे निघून जाण्याची हमी मिळाल्यावरच त्यांनी डिसेंबरअखेर शहर रिकामे केले. हेच अरब पुढे अप्पासाहेबाच्या डोंगरी लढ्याचा कणा ठरले.

करार, अटक व पलायन : ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या करारान्वये नर्मदेच्या उत्तरेकडील सर्व प्रदेश, दक्षिण तीरावरील काही भाग, वऱ्हाडातील उरलेले परगणे, गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि सिरगुजा व जशपूर हे मुलूख अप्पासाहेबाने सोडून दिले. राज्यकारभार रेसिडेंटच्या सल्ल्याने चालावा व राजाने नागपुरातच राहावे, अशी अट होती. वडिलांनी ज्या डोंगरांच्या पायथ्याशी राज्य गमावले होते, त्या डोंगरावरचे किल्लेही आता मुलाच्या सहीने गेले.

करार पाळण्याचा अप्पासाहेबाचा मानस नव्हता. मंडला, चौरागड इ. किल्ले इंग्रजांच्या हवाली करू नयेत, असे गुप्त हुकूम त्याने किल्लेदारांना पाठविले. तसेच दक्षिणेत इंग्रजांना चुकवीत फिरणाऱ्या बाजीरावास चांद्याकडे येण्याविषयी कळविले, असा जेंकिन्सचा दावा होता. १५ मार्च १८१८ रोजी जेंकिन्सने त्याला त्याचे कारभारी नागोपंत व रामचंद्र वाघ यांच्यासह कैद केले. खरोखरच एप्रिलमध्ये बाजीराव वऱ्हाडच्या पूर्व सीमेपर्यंत आला. परंतु १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याजवळील शिवणी येथे त्याचा पराभव झाला. मंडल्याचा किल्ला एप्रिलमध्ये व चांद्याचा किल्ला मेमध्ये इंग्रजांनी लढून घेतला.

अप्पासाहेबास अलाहाबादच्या किल्ल्यात ठेवण्याचे ठरले. ३ मे रोजी कॅप्टन ब्राउन याच्या पहाऱ्यात त्याला नागपुराहून हलविण्यात आले. वाटेत जबलपूर भागातील रायचूर या मुक्कामी १३ मे १८१८ च्या पहाटेपूर्वी तो शिपायाच्या वेषात छावणीतून निसटला. पहाऱ्यावरील काही हिंदी शिपाई त्याला फितूर झाले होते व ते त्याच्याबरोबरच निघून गेले. बिछान्यात उशी ठेवून राजा निजलेला असल्याचा भास निर्माण करण्यात आला होता, असे सांगतात. या शिपायांची फितुरी केवळ पैशासाठी होती, की गादीवरून काढलेल्या राजाविषयीच्या सहानुभूतीतून होती, हे सांगणे कठीण आहे. मात्र कंपनीच्या पगारी शिपायांनी तिच्याच कैद्यास सोडावे, ही घटना इंग्रजांना फार झोंबली. त्याला पकडून देणाऱ्यास एक लाख रुपये रोख व तहहयात जहागीर देण्याचे त्यांनी जाहीर केले. नागपुरात दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा बाजीबा यास दत्तक देऊन २६ जून १८१८ रोजी तिसरा रघूजी या नावाने गादीवर बसविण्यात आले. त्यामुळे अप्पासाहेब कायदेशीर दृष्ट्याही राज्यहीन झाला.

महादेव डोंगरांतील प्रतिकार : अप्पासाहेबाने पचमढीच्या परिसरातील महादेव डोंगरांचा आश्रय घेतला. हर्राईचा गोंड जमीनदार चैनशहा याने त्याला ठेवून घेतले आणि आजूबाजूचे डोंगरी ठाकूर व जमीनदार त्याच्या बाजूने उठले. यात इतिहासाचा एक विरोधाभास आढळतो. देवगडचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास अप्पासाहेबाच्याच पूर्वजाने, पहिल्या रघूजीने गिळंकृत केले होते. तरीही त्या घराण्याच्या वारसास संकटकाळी आश्रय मिळाला तो गोंडांकडेच. याची कारणे केवळ स्वामिनिष्ठेत शोधता येणार नाहीत. भोसल्यांची सत्ता डोंगरात सैल होती. घाटांवरील हक्क, वहिवाटी व वसुली यांत ती फारशी ढवळाढवळ करीत नसे. उलट मुलूख ताब्यात येताच ठाणी बसविणारी व वाटा मोकळ्या करू पाहणारी इंग्रजांची सत्ता जमीनदारांना अधिक धोक्याची वाटली असावी. हातचा प्रदेश नुकताच गमावलेला राजा व हातचे हक्क जाण्याची भीती असलेले जमीनदार यांचे हितसंबंध येथे एकत्र आले.

लवकरच नागपुराहून घालवून दिलेले अरब, बऱ्हाणपूरकडचे बेकार शिपाई आणि फुटलेल्या मराठी फौजांतील लोक अप्पासाहेबास येऊन मिळाले. पेंढाऱ्यांचा पुढारी चितू हाही आपल्या उरल्यासुरल्या स्वारांनिशी त्याच्याकडे आला. पावसाळ्यात नद्यानाले भरल्यामुळे इंग्रजी फौजांच्या हालचाली मंदावल्या होत्या. ही संधी साधून अरबांच्या टोळ्यांनी बैतूलच्या पठारावर उतरून तापीच्या उगमाजवळील मुलताई इ. ठाणी घेतली. त्यांना अडविण्यासाठी बैतूलहून निघालेली कॅप्टन स्पार्क्स याची सु. शंभर शिपायांची तुकडी २० जुलै १८१८ रोजी गाठली गेली. स्पार्क्ससह त्या तुकडीतील बहुतेक सर्व लोक मारले गेले. संख्येने हा विजय लहान असला, तरी त्याचा परिणाम मोठा झाला. अप्पासाहेबाचा पक्ष अद्याप जिवंत आहे, ही भावना नागपूरच्या राज्यात सर्वत्र पसरली. पूर्वेकडे, आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठा येथे चिमणा पटेल याने त्याच्या नावाने उठाव केला. सप्टेंबरमध्ये कॅप्टन गॉर्डन याने कामठ्याची गढी हल्ला करून घेतली, तेव्हा त्या भागातील प्रतिकार मोडला.

इंग्रजांनी होशंगाबाद, नागपूर व वऱ्हाड या तिन्ही बाजूंनी फौजा आणून डोंगरांची कोंडी केली. ऑगस्टमध्येच मुलताई परत घेण्यात आली होती. घाटांच्या तोंडांशी ठाणी बसली व धान्याच्या वाटा बंद झाल्या. डोंगराळ मुलूख लढणाऱ्यास लपवू शकतो, पण मोठ्या फौजेस पोसू शकत नाही. त्यामुळे अरबांच्या तुकड्यांना धान्यासाठी वारंवार मैदानात उतरावे लागे व तेथे त्यांचे नुकसान होई. या मोहिमेत गोंडांच्या वस्त्याही उद्ध्वस्त झाल्या. हिवाळा सुरू होताच कर्नल ॲडम्स याच्या नेतृत्वाखाली इंग्रजी तुकड्या डोंगरात शिरल्या. जमीनदारांचे मनोधैर्य खचले. चैनशहा इंग्रजांच्या हाती लागला. तथापि एवढे मोठे इनाम जाहीर असताना या सर्व महिन्यांत डोंगरातील कोणीही अप्पासाहेबास पकडून दिले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अशीरगड : फेब्रुवारी १८१९ च्या आरंभी अप्पासाहेब व चितू मोजक्या स्वारांसह वेढ्यातून निसटले आणि पश्चिमेकडे अशीरगडाच्या रोखाने निघाले. बऱ्हाणपूरजवळील हा किल्ला दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात असून जसवंतराव लाड हा त्यावर किल्लेदार होता. पाठलाग करणारे इंग्रज जवळ येऊन ठेपले असता अप्पासाहेबास किल्ल्याचा आसरा मिळाला. चितूस मात्र तो मिळाला नाही. माळव्याच्या जंगलात एकाकी भटकत असता तो वाघाच्या हल्ल्यात मारला गेला. अप्पासाहेबास आश्रय दिल्याच्या व किल्ला कराराप्रमाणे स्वाधीन न केल्याच्या कारणावरून जनरल डव्हटन व सर जॉन माल्कम यांनी मार्च १८१९ मध्ये अशीरगडास वेढा घातला. सु. तीन आठवड्यांच्या तोफमाऱ्यानंतर ९ एप्रिल रोजी किल्ला शरण आला. या युद्धातील ही अखेरची महत्त्वाची लढाई होय. किल्ल्यात अप्पासाहेब सापडला नाही. पेशव्यास साहाय्य करण्याविषयी शिंद्यांनी किल्लेदारास लिहिलेले पत्र मात्र सापडले व त्याच्या आधारे इंग्रजांनी किल्ला स्वतःकडे ठेवला.

पंजाब व जोधपूर : फकिराच्या वेषात उत्तरेकडे गेलेला अप्पासाहेब पुढे पंजाबात प्रकटला. लाहोरच्या रणजितसिंगाने त्याला उघड पाठिंबा दिला नाही. इंग्रजांशी सतलजच्या सीमेवर सलोखा ठेवणे त्याला आवश्यक होते. तरीही त्याने त्याला इंग्रजांच्या स्वाधीन केले नाही. काही काळ अमृतसर येथे राहिल्यानंतर अप्पासाहेबाने हिमालयाच्या पायथ्याच्या मंडी संस्थानात वास्तव्य केले. एका अफगाण राजपुत्राच्या मदतीने हिंदुस्थान जिंकण्याचे बेत तो रचीत असल्याचे कळल्यावरून रणजितसिंगाने त्याला लाहोरच्या मुलखातून काढून दिले, अशी हकीकत इंग्रज लेखकांनी दिली आहे.

१८२९ च्या सुमारास तो राजस्थानात आला. जोधपूरचा राजा मानसिंग हा नाथपंथाचा निस्सीम अनुयायी होता. त्याने बांधलेल्या महामंदिरात आश्रय घेणाऱ्यास अभय असे. तेथे अप्पासाहेब राहिला. इंग्रजांनी त्याची मागणी केली, तेव्हा शरणागतास स्वाधीन करणे हे राजपुतास कलंक आणणारे ठरेल, असे मानसिंगाने कळविले. जोधपूर हे इंग्रजांचे मांडलिक संस्थान असूनही त्यांनी हा मुद्दा ताणून धरला नाही. अप्पासाहेबाच्या वर्तनाची जबाबदारी मानसिंगावर टाकून त्यांनी त्याला तेथे राहू दिले. त्याच्या हातून आता उठाव होण्याचा संभव उरला नव्हता, हे त्याचे खरे कारण असावे. १५ जुलै १८४० रोजी जोधपूर येथेच त्याचे निधन झाले.

वऱ्हाडातील उत्तररंग : अप्पासाहेबाकडून मिळालेले गाविलगड, नरनाळा व वऱ्हाडातील परगणे इंग्रजांनी १८२२ च्या तहाने निजामास दिले. त्यानंतर लवकरच, १८२३ मध्ये, हैदराबाद कॉन्टिंजंटमधील कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याचे लक्ष गाविलगडाशेजारच्या चिखलदरा पठाराकडे वेधले गेले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याचा विकास सुरू झाला. राजकीय दृष्ट्या मात्र हा डोंगराळ मुलूख शांत झाला नव्हता. अप्पासाहेबाच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८४८–४९ मध्ये, स्वतःस नागपूरचा अप्पासाहेब म्हणविणाऱ्या एका तोतयाने रोहिल्यांची फौज जमवून वऱ्हाडात व गाविलगडाच्या डोंगरांत उठाव केला. हैदराबाद कॉन्टिंजंटने त्याचा मोड करून १८४९ मध्ये त्याला पकडले. निजामाच्या अव्यवस्थित कारभाराने गांजलेल्या वऱ्हाडात भोसल्यांच्या नावावर अद्याप लोक जमत, हे या प्रकरणावरून दिसून येते. तिसरा रघूजी १८५३ मध्ये औरस वारसाविना मरण पावला व पुढील वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. वऱ्हाडही १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले होते. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आला, तेव्हा त्याने वऱ्हाडात उतरू नये म्हणून इंग्रजांनी सातपुड्यातील घाट रोखून धरले. गाविलगडाची तटबंदीही त्याच वर्षी निकामी करण्यात आली. अप्पासाहेबाच्या लढ्याने चाळीस वर्षांपूर्वी दिलेला धडा ते विसरले नव्हते.

मूल्यमापन : अप्पासाहेबाविषयीची बहुतेक माहिती जेंकिन्स, प्रिन्सेप, ब्लॅकर, माल्कम, ग्रँट डफ इ. इंग्रज अधिकारी व इतिहासकार यांच्या लेखनातून मिळते. यांतील जेंकिन्स व माल्कम यांनी तर या घडामोडींत प्रत्यक्ष भाग घेतला होता. साहजिकच त्यांच्या लेखनात तो कपटी, कृतघ्न व खुनी राजा म्हणून दिसतो. उलट काही मराठी लेखनात त्याला निःसंदिग्ध देशभक्त ठरविण्यात आले आहे. ही दोन्ही चित्रे एकांगी वाटतात. सत्तेसाठी त्याने इंग्रजांना जवळ केले, सीताबर्डीच्या वेळी सैन्यास लढावयास लावून स्वतः नामानिराळा राहण्याचा प्रयत्न केला आणि शरणागतीनंतर करार मोडले. राजा या नात्याने तो निश्चयी किंवा दूरदर्शी होता, असे म्हणता येत नाही.

मात्र राज्य गेल्यानंतरचा अप्पासाहेब वेगळा दिसतो. बाजीरावाने ३ जून १८१८ रोजी माल्कमपुढे शरण जाऊन दरसाल आठ लाख रुपयांची नेमणूक व ब्रह्मावर्ताचे वास्तव्य पत्करले. अप्पासाहेबाने मात्र तसा मार्ग स्वीकारला नाही. गादी, फौज व खजिना यांपैकी काहीही हाती नसता त्याने नऊ महिने इंग्रजांच्या अनेक तुकड्या गुंतवून ठेवल्या. देशोधडीस लागलेल्या सरदाराने दुर्गम भूमीच्या आश्रयाने नव्या सत्तेशी झुंज घ्यावी, हा प्रकार जगाच्या इतिहासात अन्यत्रही आढळतो. उदा., नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर १०७०–७१ मध्ये ईली बेटाच्या दलदलीतून लढलेला अँग्लो-सॅक्सन हेरवर्ड. अशा लढ्यांत नायकाचे नाव इतिहासात राहते. ज्यांच्या भूमीवर ते लढले जातात, त्यांची नावे सहसा राहत नाहीत. महादेव डोंगरांतील लढ्याचेही तसेच झाले. अरबांच्या तुकड्या व गोंड-कोरकूंच्या वाटा यांवाचून हा प्रतिकार एक आठवडाही टिकला नसता. पराभवानंतर राजास एकामागून एक आश्रय मिळत गेले. ठाण्यांची व पहाऱ्यांची किंमत मात्र डोंगरातील लोकांनीच मोजली. अप्पासाहेबाच्या चरित्रातील चिरस्थायी महत्त्वाचा भाग त्याच्या अल्पकालीन राज्यात नसून, दरबाराने गमावलेले राज्य डोंगराने काही काळ लढते ठेवले, या वस्तुस्थितीत आहे.